उजव्या बाजूची जागा

क्लूनफारा
११ जानेवारी १९९८

प्रिय कार्मेल,

तुझा पत्ता मी मॅलकी टियर्ननच्या कोव्हेंट्रीतल्या भाचीकडून मिळवला. तुझ्या नाताळच्या कार्डावर तो कधीच नसतो, आणि तो का नसतो हे मला कळतं. म्हणून आधीच सांगते, हे पत्र मी मम्मीच्या सांगण्यावरून लिहीत नाही. तिला माहीतसुद्धा नाही.

मम्मी आता उठत नाही. नाताळच्या आधीपासून ती खालच्या खोलीत आहे, तुझ्याच खोलीत, कारण तिथे भिंतीतून चुलीची ऊब येते. डॉक्टर म्हणतात, हृदय थकलंय, उन्हाळा दिसेल असं वाटत नाही. डोकं मात्र जागेवर आहे. काल सूप नेलं तर म्हणाली, "तू चाखलंस का हे, की माझ्यावरच प्रयोग?"

मी सकाळी औषधांच्या दुकानात कामाला असते, तेवढा वेळ शेजारची बी गॉर्मली येऊन बसते. दोघी जपमाळ ओढतात. ती संपली की कोण आजारी आणि कुणाचं लग्न मोडलं याची दुसरी सुरू. बी निघताना रोज मला दारात थांबवून म्हणते, "संत आहे गं तुझी आई." मी हो म्हणते. म्हणजे आत्तापर्यंत म्हणत होते.

ये, असं मी म्हणत नाही. एकोणऐंशी साली डॅडींना पोचवायला तू आलीस आणि कबरीवरून तशीच बसस्टॉपकडे चालू लागलीस, चहाही न घेता. त्याआधी तू मम्मीच्या कानाशी काहीतरी विचारलं होतंस. ती म्हणाली, "लोकांसमोर नको." एवढंच मला ऐकू आलं होतं. तू काय विचारलं असशील ते मला आता, गेल्या आठवड्यापासून, कळतंय.

तेच लिहायला बसले होते. दोन पानं लिहून चुलीत टाकली. आज फक्त तू तिथे आहेस का, एवढंच विचारते.

तुझी
अट्रॅक्टा


१९ जानेवारी

प्रिय कार्मेल,

उत्तर नाही. तरी लिहिते, कारण तुला न सांगता आणखी एक आठवडा काढला तर मीही त्यांच्यातलीच एक होईन.

मागच्या पत्राच्या आदल्या आठवड्यात मॅलकी आला होता. भर दुपारी, टोपी हातात घेऊन, रविवारच्या मिस्साला चर्चमध्ये जातात तसे कपडे करून. मला वाटलं मम्मीला बघायला आला. पण तो स्वयंपाकघरातच बसला, आणि खालच्या खोलीचं दार मी लोटून घेईपर्यंत बोलला नाही.

"अट्रॅक्टा, तुझ्या आईची वेळ आली की खणायला कोण येणार?"

"तुम्हीच की. टियर्ननच."

हॅनलींची कबर टियर्नन खणतात, त्यांची हॅनली. घरच्यांनी आपल्या माणसाची माती उकरायची नसते, हे तुला मी काय सांगायचं.

"मी आता सत्तरीच्या पुढे गेलो. पोरं येतील. आणि पोरं मशीन आणतात आजकाल. फावडं धरलं की त्यांच्या कमरा जातात." तो टोपी फिरवत राहिला. "मशीन नको आणू देऊस."

"का?"

"उजव्या बाजूला काहीतरी आहे."

मी हसले. म्हटलं, "काय आहे, सोनं?"

मॅलकी हसला नाही.

त्याने सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहिते. माझ्या शब्दांत मला लिहिता येणार नाही.

"त्रेसष्ट सालचा वसंत. तुझा बाप माझ्याकडे आला, म्हणाला, व्हॅन देतोस का? मी म्हटलं, वासरू आणायचंय? तो म्हणाला, नाही. नातू. मी काही विचारलं नाही, किल्ली घेतली. चर्चच्या सिस्टरांचं ते होम, लग्नाआधी दिवस गेलेल्या पोरींना ठेवायचे ते. पुढच्या दाराने आम्हाला घेतलं नाही, मागे जा म्हणाले. मागे धुलाईघर. तिथे एक सिस्टर आली. तुझा बाप म्हणाला, कार्मेल हॅनलीचं बाळ. ती म्हणाली, कार्मेल नावाची इथे कुणी नाही. तो म्हणाला, आहे, माझी मुलगी आहे. मग ती आतून विचारून आली आणि म्हणाली, अच्छा, अगाथाचं. आणि साबणाच्या खोक्यात घालून आणून दिलं. साबणाच्या, अट्रॅक्टा. वर कंपनीचं नाव होतं. आम्ही वळलो तर मागून म्हणते, खोकं परत पाठवाल ना, आम्हाला लागतात."

"आणि पाठवलंत?"

"पाठवलं," मॅलकी म्हणाला. "मीच नेऊन दिलं. तुझ्या बापाने क्रीमरीतून लोण्याची पेटी आणली होती. चांगली, जाड लाकडाची."

पुरलं ते रविवारी, सगळं गाव पहिल्या मिस्साला असताना. आणि कार्मेल, तो रविवार मला आठवतो! मी नऊ वर्षांची होते. डॅडी चर्चला नव्हते. असं कधी झालं नव्हतं. मम्मीने विचारेल त्याला सांगितलं, गाय व्यायला आलीय. मिस्सा संपल्याबरोबर मी वासरू बघायला धावत घरी आले. गोठ्यात वासरू नव्हतं. डॅडी पंपाखाली बूट धूत होते. मी विचारलं, वासरू कुठाय? ते म्हणाले, "मेलं, बाळा." मी दिवसभर त्या वासरासाठी रडले. मम्मीने मला साखर लावून ब्रेड दिला.

तू तेव्हा होममध्येच होतीस. तुला त्यांनी सांगितलं की बाळ गेलं आणि होमच्या बागेच्या टोकाला पुरलं. हे मला माहीत आहे, कारण घरी आल्यावर तू मम्मीवर ओरडली होतीस, "बागेच्या टोकाला, कुठे तेही दाखवलं नाही!" मी टेबलाखाली होते. मम्मी कणीक मळत होती आणि डॅडी वर्तमानपत्र वाचत होते. वर्तमानपत्र हललंसुद्धा नाही.

तो आपल्या चर्चच्या मागे होता, कार्मेल. आजी-आजोबांच्या कबरीत. घरापासून चालत जाण्याइतका जवळ.

अजून पुढे आहे. एकोणऐंशीत डॅडींसाठी खणताना त्या पेटीचा कोपरा लागला. मॅलकी, त्याचा भाऊ, आणि आणखी दोघे. कुणी काही बोललं नाही. माती परत लोटली आणि डॅडींना डाव्या बाजूला ठेवलं.

"मग कुणाला सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"छे! बाहेरच्या कुणालाच नाही."

"बाहेरच्या म्हणजे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. म्हणजे गावाला माहीत होतं. वीस वर्षं. दर ऑगस्टला कबरींच्या आशीर्वादाच्या रविवारी सगळे तिथे उभे राहायचे, आणि बी गॉर्मली मम्मीला म्हणायची, तुमचा दगड किती स्वच्छ गं.

"आणि कार्मेल? डॅडींना पोचवायला आली होती ती. उजव्या बाजूलाच उभी होती. तुम्ही तिचा हात हातात घेतला होता, मॅलकी, मी बघितलंय."

"घेतला होता," तो म्हणाला. "बराच वेळ घेतला होता."

जणू तेच सांगणं होतं. त्याच्या मनात तो त्या दिवशी तुला सगळं सांगून मोकळा झाला. मला त्याचा चहाचा कप उचलवेना. तो भला माणूस आहे, सगळे भले आहेत, आणि मला त्यांच्या भलेपणाची किळस आली.

डॅडींवर मी दोन दिवस प्रेम करून पाहिलं. नातवाला आणायला गेले, साबणाच्या खोक्यातून काढून स्वतःच्या आईबापांजवळ ठेवलं, वगैरे. तिसऱ्या दिवशी जमेना. तोच रस्ता होता, तीच व्हॅन, तोच मॅलकी. बाळ पाच महिने जिवंत होतं.

अट्रॅक्टा


२ फेब्रुवारी

प्रिय कार्मेल,

आज मेणबत्त्यांचा सण. बीने चर्चमधून आशीर्वाद दिलेल्या मेणबत्त्या आणल्या आणि एक मम्मीच्या उशाशी लावली. मम्मी म्हणाली, "येशूच्या जन्मानंतर मेरीसुद्धा आजच्या दिवशी शुद्धीला गेली होती." हे ती दर वर्षी म्हणते. माझ्या तोंडात एकदम कच्च्या पिठाची चव आली.

तुझ्या ब्रेडबद्दल आपण कधी बोललो नाही. तू सकाळी सगळ्यांच्या आधी उठायचीस, ताक आणि सोडा घालून ब्रेड करायचीस, वर सुरीने क्रूस कापायचीस, खिडकीत निवायला ठेवायचीस. मम्मी तो फडक्यात गुंडाळून परसात न्यायची आणि कोंबड्यांना चुरून घालायची. मग हात धुऊन स्वतः दुसरा करायची. एक शब्द न बोलता. आणि तू दुसऱ्या दिवशी परत करायचीस.

मी एकदा मम्मीला विचारलं, तर म्हणाली, शुद्धी न झालेल्या बाईच्या हातचं खात नाहीत. ती स्वतः प्रत्येक बाळंतपणानंतर चर्चच्या दारात मेणबत्ती घेऊन गुडघ्यांवर बसली होती, फादरनी हात धरून आत नेलं होतं. तुला कोण नेणार? ते लग्नाच्या बायकांचं. कोंबड्या त्या वसंतात नुसत्या फुगल्या. त्यांची अंडी मात्र आम्ही खात होतो. अंड्यांना विटाळ नव्हता.

आज बी गेल्यावर मी मम्मीच्या खाटेशी बसले आणि विचारलं, "मम्मी, उजव्या बाजूला कोण आहे?"

मला वाटलं होतं, ती दचकेल, निदान काय म्हणतेस म्हणून विचारेल. ती म्हणाली, "मॅलकीचं तोंड म्हणजे चाळणी."

"कोण आहे?"

"तुला माहितंय तर विचारतेस कशाला?" मग तिने उशी सारखी करायला लावली. मी केली. "तुझा बाप रडत होता," ती म्हणाली. "एवढा मोठा माणूस, या इथल्या टेबलावर डोकं ठेवून. मी म्हटलं, बरं, आण. आपल्यांतच ठेव. पण तिला कळता कामा नये. कळलं तर ती रोज तिथे जाऊन बसणार, मग गावाला काय सांगायचं?"

"गावाला माहीत होतं."

"माहीत असणं वेगळं. कुणी कधी म्हणालं का?"

आपल्या गावाचं सगळं शास्त्र तिने एका वाक्यात सांगितलं. मी विचारलं, "आणि जिवंत होता तेव्हा? तेव्हा का नाही आणलं?"

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. दुकानात एखादं गिऱ्हाईक अगदीच वेडगळ काही विचारतं तेव्हा मी बघते तसं.

"जिवंत मूल रडतं, अट्रॅक्टा."

मेणबत्ती जळत होती. तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मला तिथेच ठेवायचं. उजवीकडे. मी वर असले म्हणजे झालं, मग कुणी उकरत नाही."

मी परसात गेले, जिथे कोंबड्या असायच्या तिथे, आणि ओकले. मग आत येऊन तिची चादर बदलली, कारण ती ओली होती. तिच्या टाचांना मलम चोळलं. ते चोळणारे हात माझेच होते. तिने माझ्या मनगटावर थोपटलं. कार्मेल, सगळ्यांत घाण मला त्या थोपटण्याची वाटली, आणि मी हात काढून घेतला नाही.

आता जे विचारते त्याचं उत्तर मला हवंच आहे. तिला त्याच्यावर ठेवू की नको? हे मी ठरवायचं नाही. तो तुझा आहे. तू सांगितल्याशिवाय मी तिला तिथे जाऊ देणार नाही, मग गावाला जे म्हणायचं ते म्हणू दे. त्यांना म्हणायची सवय नाही, बरं होईल.

अट्रॅक्टा


२१ फेब्रुवारी

प्रिय कार्मेल,

तुझं पत्र मंगळवारी आलं. "त्याचं नाव फिन्टन. होममध्ये दुसरं ठेवलं होतं ते नको. दगडावर घाल, आणि तिला सांग." मी ते दुकानात, खोकल्याच्या औषधांच्या फळीमागे उभी राहून वाचलं. फिन्टन. मी दिवसभर गिऱ्हाइकांना चुकीची औषधं देता देता थांबले.

पाथरवट गुरुवारी आला. त्याने विचारलं, आडनाव? मी म्हटलं, हॅनली. तो म्हणाला, वडिलांचं? मी म्हटलं, आजोबा आहेत ना दगडावर, तेवढे पुरुष पुरेत. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. डॅडींच्या खाली, स्वच्छ अक्षरांत: फिन्टन, कार्मेलचा मुलगा, १९६३. तुझं नाव घालायचं तू सांगितलं नव्हतंस. पण होममध्ये त्यांनी तुझं नाव काढून घेतलं होतं, म्हणून मी घातलं.

शुक्रवारी सकाळी बी आली ती दारातच उभी राहिली. कोट काढला नाही.

"अगं, त्या बिचाऱ्याला कशाला त्रास? इतकी वर्षं शांत पडलाय."

"तुला कधीपासून माहितंय, बी?"

"मला? मला काय माहीत असणार!" आणि लगेच, "तुझी आई ती, अट्रॅक्टा. मरायला टेकलेल्या बाईच्या तोंडाला काळं फासायचं?"

"दगड पांढराच आहे," मी म्हटलं. "अक्षरंच तेवढी काळी."

ती आता येणार नाही. मी दुकानातून रजा घेतली आहे.

आज फादर कीव्हनी आले. तू त्यांना ओळखत नाहीस. नवीन पद्धतीचे आहेत, गिटारवाल्या पोरांना मिस्सात बसवतात, सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगतात. चार बिस्किटं खाल्ली आणि मग म्हणाले, "अट्रॅक्टा, तुझं दुःख मी समजू शकतो. पण हे जरा शांतपणे करता आलं असतं. एखाद्या कामाच्या दिवशी छोटीशी प्रार्थना, तू आणि मी. कुणाला दुखवायचं नाही."

"कुणाला म्हणजे, फादर?"

"सगळ्यांनाच. त्या सिस्टर आता म्हाताऱ्या झाल्यात."

"माझी बहीणही होत चाललीय."

"काळच तसा होता गं."

"काळाने खोकं परत मागितलं नव्हतं," मी म्हटलं. त्यांना खोक्याचं माहीत नव्हतं. मी सांगितलं. त्यांच्या हातात पाचवं बिस्किट होतं, ते त्यांनी परत बशीत ठेवलं. एवढं मात्र त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

मम्मीला सांगितलं. दगडावर काय लिहिलंय ते शब्दन् शब्द. ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, "माझ्या वर?"

"हो. तुझं नाव त्याच्या खाली येईल."

"सगळ्यांना दिसेल?"

"आत न जाताही दिसतं, मम्मी. फाटकातून."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. खाते, पिते, पाय चोळून घेते. मला त्याचं काही वाटत नाही, असं लिहिणार होते. वाटतं.

तू दगडाचं लिहिलंस. तिला कुठे ठेवायचं ते लिहिलं नाहीस. वेळ फार नाही, कार्मेल.

अट्रॅक्टा


९ मार्च, सोमवार

कार्मेल,

हे मी मॅलकीच्या भाचीला फोनवर वाचून दाखवते आहे. ती लिहून घेऊन तुझ्या दारातून आत टाकेल.

मम्मी आज सकाळी गेली. मी चहा करत होते. शेवटचं काही बोलली नाही.

सोमवारी कबर उघडणं अशुभ, उद्या लोक तिला घरी बघायला येतील, म्हणून बुधवारी दुपारी खणतील. हाताने, मशीन नाही, मॅलकी स्वतः उभा राहणार आहे. बुधवारी संध्याकाळी तिला चर्चमध्ये नेऊ आणि गुरुवारी सकाळी मिस्सानंतर पुरू. नव्या भागात चर्चच्या भिंतीकडे एक मोकळी जागा आहे, तीही मी विचारून ठेवली आहे. तुझा निरोप आला नाही तर मम्मी तिकडे जाईल, एकटी, आणि मी कुणालाही कारण सांगत बसणार नाही.

पण मला तुझा निरोप हवा आहे.

अट्रॅक्टा


२२ मार्च

प्रिय कार्मेल,

आज मदर्स डे. फादर कीव्हनींनी मिस्सात आयांबद्दल सांगितलं आणि पोरांनी प्रत्येक बाईला एकेक पिवळं फूल दिलं. माझ्या हातातही कोंबलं. मी ते फिन्टनला दिलं.

तू गेल्यापासून मला एक सांगायचं आहे. त्या दोन दिवसांत तुझे डोळे एकाच गोष्टीवर होते. बाकीचं तू बघितलं नाहीस. मी बघितलं. ते तुझ्याजवळ असावं.

बुधवारी मी खणणाऱ्यांसाठी सँडविचेस आणि व्हिस्कीची बाटली घेऊन गेले तेव्हा तू आधीच कबरस्तानाच्या फाटकात उभी होतीस, राखाडी कोट घालून, बॅग पायाशी. मी तुला ओळखलं नाही. मला वाटलं, मम्मी आहे. हे तुला आवडणार नाही, पण तसंच झालं.

तू म्हणालीस म्हणून त्यांनी आपलीच कबर उघडली. ते पेटीपर्यंत पोचले तेव्हा तू खड्ड्यात बघत होतीस. मी माणसांकडे बघत होते. लाकूड बरंचसं गेलं होतं, तळ आणि दोन बाजू राहिल्या होत्या. मॅलकीने नवी पेटी करून आणली होती, ओकची, कडा गोल घासलेल्या. त्याने गुडघ्यांवर बसून हाताने सगळं उचलून तिच्यात ठेवलं, आणि त्याचे खांदे हलत होते. पुतण्या म्हणाला, "काका, मी करू?" तर म्हणाला, "तू गप्प बस." मग तू विचारलंस, "तिची जागा कुठली?" आणि मॅलकी म्हणाला, "हीच. पेटी बाजूला सरकवून ठेवता येईल, किंवा खाली."

"तिला खाली ठेवा," तू म्हणालीस. "याला वर."

"म्हणजे अजून खोल जावं लागेल, कार्मेल. खाली पाणी लागतं."

"लागू दे."

तू पाठ फिरवलीस, म्हणून तुला दिसलं नाही. ते चौघे एकमेकांकडे बघत उभे राहिले, आणि मग कुणी काही न बोलता परत खड्ड्यात उतरले. त्यांचं न बोलणं मला आयुष्यात पहिल्यांदा आवडलं. पाणी खरंच लागलं. बादलीने काढत होते.

संध्याकाळी मम्मीला घरातून नेलं आणि तू त्याला घेऊन घरात आलीस. घराच्या फाटकात तुम्ही एकमेकांच्या जवळून गेलात. लोकांनी टोप्या काढल्या. त्या मम्मीसाठी होत्या की त्याच्यासाठी, त्यांचं त्यांनाही ठरवता आलं नसेल. बी गॉर्मली झुडपाकडे बघत होती. तू तिच्यासमोर पेटी घेऊन थांबलीस, आणि ती सवयीने म्हणून गेली, "तुझ्या दुःखात आम्ही आहोत गं." तू "हो ना?" म्हणून पुढे गेलीस. ती त्यानंतर बराच वेळ तिथेच उभी होती, हे तुला कळावं म्हणून सांगते.

तो एक रात्र घरात होता. तुझ्या खोलीत, जिथे ऊब येते तिथे. भिंतीतून मला तुझं रडणं ऐकू येत होतं. मोठ्याने, लहान मुलं रडतात तसं. मी आत आले नाही. या घरात कुणीतरी मोठ्याने रडत होतं आणि कुणीही उठून दार लावत नव्हतं. मला ते ऐकायचं होतं.

गुरुवारी कबरीशी फादर कीव्हनी माझ्या कानाशी म्हणाले, "ही पद्धत नाही. परवानगी वगैरे लागते." मी म्हटलं, "पहिल्या वेळी कुणी मागितली होती?" मग मम्मी खाली गेली. दोर ओले होऊन वर आले. तू गुडघ्यांवर बसून त्याला वर ठेवलंस, आणि फादरनी नाव उच्चारलं. फिन्टन. माईक चालू होता. सगळ्या गावाने ऐकलं, आणि "आमेन" म्हणावं लागलं. बऱ्याच जणांचं तोंड नीट उघडलं नाही. मला त्या तोंडांचा वीट आला होता आणि मी एकही चुकवलं नाही.

मम्मीसाठी मला रडू आलं नाही. ते येईल असं मॅलकी म्हणतो. आलं तर तुला कळवेन. तिचं नाव पाथरवट पुढच्या महिन्यात कोरेल. त्याच्या खाली.

आता ब्रेडचं. गुरुवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर तू पीठ चाळत होतीस, मम्मीच्याच परातीत. तू चार ब्रेड केलेस, वर क्रूस कापलेस आणि खिडकीत ठेवलेस. पोचवून परत आल्यावर लोक आले, हॅम होतं, केक होते, बायकांनी आणलेलं बरंच काही होतं. तू ब्रेड कापून टेबलाच्या मधोमध ठेवलास आणि तुझ्या खोलीत जाऊन पडलीस. त्यानंतर काय झालं ते तुला माहीत नाही.

कुणी हात लावेना. जुन्या बायकांना आठवत होतं. कुणी विसरलं नव्हतं. हॅम संपत होतं, केक संपत होते, आणि तो मध्ये तसाच. मग मी दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. म्हटलं, "ब्रेड कार्मेलने केलाय. लोणी तिथे आहे."

पहिला तुकडा मॅलकीने घेतला. मग त्याच्या पुतण्याने. फादर कीव्हनींनी दोन घेतले, घाईघाईने. बी गॉर्मलीने शेवटी घेतला, कोपऱ्याचा, आणि कागदी रुमालात गुंडाळायला लागली. मी म्हटलं, "इथेच खा, बी. आमच्याकडे आता कोंबड्या नाहीत." तिने खाल्ला. चावत असताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही.

ब्रेड कसा झाला होता, ते तू विचारलं नाहीस. मध्ये जरा कच्चा राहिला होता. त्या भट्टीची तुला आता सवय नाही. तरी सगळा संपला.

मी दारातून हलले नाही.

तुझी
अट्रॅक्टा